एका लहानशा गावाचा इतिहास व लोकसंख्या
(मौजे मेंढा–लेखा, तालुका धानोरा, जिल्हा गडचिरोली)

शेतकीच्या मासिकात बियाणे, खत, गुरे व बाजारभाव हे विषय असावयाचे. गावाचा इतिहास आणि लोकसंख्या ह्यांचे येथे काय काम, असे कित्येक वाचकांस वाटेल. इतिहास हा राजेरजवाड्यांचा आणि लोकसंख्या ही सरकारी कचेरीची बाब, अशी आपली पिढ्यानपिढ्यांची समजूत आहे. ती किती तोट्याची आहे, हे दाखविण्याकरिता आम्ही प्रस्तुत लेखात चांदा–गडचिरोलीच्या जंगलपट्टीतील एका अगदी लहान गावाची हकीकत देत आहो. ह्या गावात शंभराच्या आसपास घरे व सुमारे पाचशे माणसे. परंतु आपला पूर्वापार वहिवाटीचा हक्क कोणता, आपली शीव कोठवर आणि आपण माणसे किती, ह्या तीन गोष्टींचा नीट हिशेब ठेवल्यामुळे ह्या गावास सुमारे १,८०० हेक्टर, म्हणजे जवळजवळ साडेचार हजार एकर, जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. ज्या शेतकऱ्याला आपल्या सातबाऱ्याचे महत्त्व कळते त्याला गावाच्या इतिहासाचेही महत्त्व कळावे, एवढाच आमचा हेतू आहे.

गावाचे स्थान व नाव

गडचिरोलीहून धानोऱ्यास जाणाऱ्या सडकेने तीसेक किलोमीटर गेले म्हणजे धानोऱ्याच्या थोडे अलीकडे मेंढा हे गाव लागते. कठाणी नदी जवळून वाहते. मेंढा नावाची इतरही गावे ह्या भागात आहेत. त्यांतून हे ओळखू यावे म्हणून शेजारच्या लेखा गावाचे नाव त्यास जोडून ‘मेंढा (लेखा)’ असे लिहिण्याचा प्रघात पडला. लेखा म्हणजे हिशेब; नाव जरी शेजाऱ्याचे असले, तरी गावाने ते आपल्या करणीने सार्थ केले आहे, हे पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

वस्ती बहुतेक सर्व गोंड लोकांची. घरची भाषा गोंडी, बाजारची व शाळेची मराठी. मुख्य पीक धानाचे. सखल भागात धुरे घालून केलेल्या बांध्या, त्यांत पावसाचे पाणी अडवून आषाढात रोवणी, आणि उंचावरील हलक्या जमिनीत जे येईल ते. एका पिकावर वर्ष निघत नाही, म्हणून उरलेली भूक जंगल भागविते. चैत्रात मोहफुले, त्यामागून तेंदूपत्ता व चारोळी, पुढे हिरडा, डिंक, मध आणि बारमाही बांबू. सारांश, ह्या शेतकऱ्याचे शेत दोन प्रकारचे आहे: एक बांधीचे व दुसरे जंगलाचे. पहिल्याचा सातबारा तलाठ्याच्या दप्तरी होता. दुसऱ्याचा कोठेच नव्हता. गावाचा अलीकडचा सर्व इतिहास हा त्या दुसऱ्या सातबाऱ्याच्या शोधाचा इतिहास होय.

मुलखाचा पूर्वेतिहास

एका गावाची स्थिती समजण्यास मुलखाची स्थिती थोडी पाहिली पाहिजे. ह्या प्रदेशावर शतकानुशतके चांद्याच्या गोंड राजांचा अंमल होता. जो जंगल तोडून जमीन वहितीस आणील त्याला ती जमीन, आणि जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखाली भिजेल तेवढे रान, असे उत्तेजन हीरशहा नावाच्या राजाने दिल्याची परंपरा सांगतात. चांदा, गडचिरोली, भंडारा व गोंदिया ह्या चार जिल्ह्यांत जे सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत, ज्यांस आपण हल्ली माजी मालगुजारी किंवा ‘मामा’ तलाव म्हणतो, त्यांचे मूळ ह्याच पद्धतीत आहे. त्यांतील पुष्कळ तलाव कोहळी शेतकऱ्यांनी आपल्या अक्कलहुशारीने बांधले.

अठराव्या शतकाच्या मध्यास चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८५३ साली तिसरे रघूजी वारले व त्यांचे राज्य खालसा झाले, तेव्हा हा मुलूख इंग्रजांच्या हाती आला. पुढे चार वर्षांनीच देशभर उठाव झाला. त्यात चांद्याकडील गोंड व माडिया लोकांस घेऊन लढणारे बाबूराव शेडमाके ह्यांस २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास फाशी देण्यात आले. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि जमिनीची पाहणी व बंदोबस्त सुरू झाला. वहितीच्या गावांत मालगुजार नेमले गेले. पूर्वेकडील डोंगराळ जंगलात मात्र धानोरा, रांगी, मुरूमगाव, पोटेगाव अशा लहान लहान जमीनदाऱ्या कायम राहिल्या. १९०५ साली गडचिरोली हा स्वतंत्र तालुका करण्यात आला, त्यात ह्यांपैकी बराच मुलूख आला.

जमीनदारीच्या काळात जंगल कागदोपत्री जमीनदाराचे होते. तरी घरास लाकूड, कुंपणास काटी, गुरांस चराई व चुलीस जळण घेण्याचा रयतेचा वहिवाटीचा हक्क मान्य असे. ह्यासच ‘निस्तार’ म्हणतात. बंदोबस्ताच्या वेळी गावोगावच्या चालीरीती ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात लिहून ठेवीत. कोणत्या पाणवठ्यावर कोणाची गुरे जातील आणि कोणत्या रानातून कोण काय आणील, हे त्यात असे. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने मालगुजारी व जमीनदारी नष्ट झाली. १९५१ पासून जंगल सरकारजमा झाले आणि रयतेचे हक्क निस्तार पत्रकात नोंदले गेले. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चांदा जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा जन्मास आला.

जमीनदार गेले, परंतु निस्तार हक्क हळूहळू कागदावरच राहिले. लोक ज्या जंगलात पिढ्यानपिढ्या वावरले त्यातच ते परवानगीशिवाय शिरणारे ठरले. बांबूचे कूप कागदगिरण्यांस ठेक्याने दिले गेले आणि घरच्या टोपलीला बांबू आणणारा गावकरी गुन्हेगार ठरू लागला. हक्क होता, पण तो कोठे लिहिला आहे हे लोकांस ठाऊक नव्हते. ज्यांस ठाऊक होते त्यांस सांगण्याची निकड नव्हती.

लोकसंख्येचा हिशेब

आता माणसांच्या संख्येकडे वळू. मध्य प्रांतात पहिली शिरगणती १८६६ साली झाली आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी ती देशभर एकाच वेळी होऊ लागली. ह्या मोजणीचे आकडे म्हणजे मुलखाच्या सुखदुःखाची वहीच होय. १८९६–९७ व १८९९–१९०० ह्या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. चांदा जिल्ह्यात १८९१ पेक्षा १९०१ साली माणसे कमी भरली. त्या वर्षी अवघ्या जिल्ह्यात सुमारे सहा लाख माणसे होती. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनेही ह्या प्रांतात फार मोठा संहार केला. चांदा व गडचिरोलीच्या गावयाद्या चाळल्या तर ‘रिठी’ म्हणून दाखविलेली कितीतरी गावे आढळतात. त्यांची शीव आहे, नकाशा आहे, सर्वे नंबर आहेत, पण घर एकही नाही. पटकी, दुष्काळ, पाण्याचा अभाव, वाघाचे भय, अशा नाना कारणांनी गावे उठली व नाव तेवढे दप्तरात राहिले. गाव ही कायमची वस्तू नव्हे, ती माणसांनी धरून ठेवावी लागते, हे ह्या रिठांवरून शिकावे.

२०११ च्या गणनेचे आकडे असे आहेत. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्र १४,४१२ चौरस किलोमीटर व लोकसंख्या १०,७२,९४२. चंद्रपूर जिल्ह्याचे क्षेत्र ११,४४३ चौरस किलोमीटर व लोकसंख्या २२,०४,३०७. दोहोंची बेरीज ३२,७७,२४९ होते. जिल्ह्याच्या हद्दी मध्यंतरी बदलल्या, तरी १९०१ च्या मानाने माणसे पाचपटीहून अधिक झाली, असे मोघम म्हणता येते. गडचिरोलीत दर चौरस किलोमीटरास ७४, चंद्रपुरात १९३ आणि सर्व महाराष्ट्रात ३६५ माणसे पडतात. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया गडचिरोलीत ९८२, चंद्रपुरात ९६१ व महाराष्ट्रात ९२९ होत्या. ज्या जिल्ह्यास आपण मागासलेला म्हणतो, त्या जिल्ह्याने लेकीबाळींच्या बाबतीत राज्यास मागे टाकले आहे, ही गोष्ट सधन तालुक्यांतील वाचकांनी मनावर घेण्यासारखी आहे.

मेंढ्यापुरते पाहिले तर सुमारे पाचशे माणसे आणि सुमारे अठरा चौरस किलोमीटर जंगल, म्हणजे दर चौरस किलोमीटरास सत्तावीस-अठ्ठावीस माणसे. दर कुटुंबामागे सुमारे अठरा हेक्टर जंगल पडते. वरवर पाहता हे मोठे वैभव दिसते. परंतु अठरा हेक्टर रान राखण्यास एक कुटुंब, असाही त्याचा अर्थ आहे. जंगल जाळणारा वणवा, चोरटी तोड आणि बाहेरचा ठेकेदार ह्यांच्यापुढे एकेकटे कुटुंब काहीच करू शकत नाही. माणसे थोडी व रान मोठे, तेव्हा शंभर घरांनी एका घराप्रमाणे वागणे हाच उपाय उरतो. तो मेंढ्याने कसा केला, हे पाहण्यासारखे आहे.

एकीचा आरंभ

१९८० नंतरच्या काही वर्षांत इंद्रावतीवर भोपालपट्टणम व गोदावरीवर इचमपल्ली अशी दोन मोठी धरणे बांधण्याच्या योजना पुढे आल्या. त्यांत जंगल व आदिवासी गावे बुडणार होती. बाबा आमटे प्रभृतींच्या पुढाकाराने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले व त्या योजना मागे पडल्या. ह्या चळवळीत जिल्ह्यातील गावांस आपल्या संघटित बळाची पहिली ओळख झाली. मेंढ्याचे देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल ह्यांचा सहवास ह्याच सुमारास जुळला. गावात अभ्यासगट सुरू झाला. अभ्यासगटाने फक्त अभ्यास करावयाचा, कायदे वाचावयाचे, प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडावयाच्या. निर्णय मात्र सगळ्या गावाच्या सभेने घ्यावयाचा, अशी वाटणी ठरली.

निर्णयाची रीतही ध्यानात घेण्यासारखी आहे. येथे हात वर करून बहुमत मोजीत नाहीत. सर्वांची सहमती होईपर्यंत विषय खुला ठेवतात. एकाचाही विरोध असेल तर त्याचे ऐकून घेतात व पुन्हा बसतात. ह्यात वेळ जातो, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु ज्यांनी बहुमताने ठराव करून पुढे पाच वर्षे भाऊबंदकीचे दावे चालविले आहेत, त्यांना कोणत्या रीतीत वेळ अधिक जातो हे सांगावयास नको. स्त्रिया सभेस पुरुषांच्या बरोबरीने बसतात, आणि गावातील दारू बंद करण्याच्या कामी त्यांचाच जोर अधिक होता.

‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ हे ह्या गावाचे घोषवाक्य देशभर ऐकू गेले. गोंडीत ते ‘मावा नाटे मावा राज’ असे आहे. हे वाक्य ऐकून काहींनी कपाळास आठ्या घातल्या. वस्तुतः त्यात बंडाचा लवलेश नाही. आपल्या अंगणाची झाडलोट आपण करावी, इतकाच त्याचा भाव आहे. जंगलाची राखण आळीपाळीने करणे, वणवा लागू न देणे, घरच्या गरजेपुरतेच लाकूड तोडणे, मधमाशा न मारता मध काढणे, आणि मजुरीच्या उत्पन्नातील दहावा भाग ग्रामकोषात टाकणे, असे नियम गावाने स्वतःस घालून घेतले व पाळले. हक्क मिळण्याच्या पुष्कळ वर्षे आधी गावाने कर्तव्य पत्करले होते, ही गोष्ट विसरता कामा नये.

जंगलाचा सातबारा

२००६ साली वनहक्क कायदा झाला व २००८ साली त्याचे नियम निघाले. जंगलावर पूर्वापार उपजीविका करणाऱ्या गावास ते जंगल सांभाळण्याचा व त्यातील गौण उपज घेण्याचा सामूहिक हक्क त्या कायद्याने मान्य केला. बांबू हा गौण उपजांत मोडतो, हेही त्यात स्पष्ट झाले. मेंढ्याने आपला दावा कागदपत्रांसह मांडला. २००९ साली मेंढा (लेखा) व मर्दा ह्या दोन गावांस सामूहिक वनहक्काचे पत्र मिळाले. देशातील ही पहिली गावे होत.

पत्र हाती आले तरी बांबू विकावयाचा तर वाहतुकीचा परवाना लागतो आणि तो देणार कोण, ह्यावर आणखी दोन वर्षे गेली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्राचे तत्कालीन पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हे स्वतः मेंढ्यास आले व वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. ग्रामसभेने आपणच कूप ठरविले, आपणच तोड केली, जाहीर बोली मागवून माल विकला, आणि पहिल्या काही हंगामांतच विक्रीची रक्कम एक कोटी रुपयांच्या वर गेली. ग्रामसभेच्या नावाने आयकराचे पॅन काढले गेले व हिशेब तपासले गेले. जे गाव काल बांबूच्या चोरीसाठी पकडले जात होते, ते आज बांबूच्या विक्रीवर कराचा हिशेब देऊ लागले, हा पालट अंगठा उठविणाऱ्या बापाच्या मुलाने वकिली करावी इतका मोठा आहे. पुढे गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना असा सामूहिक हक्क मिळाला.

२०१३ साली गावाने आणखी एक पाऊल टाकले व महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ ह्याखाली ग्रामदान केले. ह्याविषयी जमीनधारक वाचकांच्या मनात शंका येणे साहजिक आहे, म्हणून थोडा खुलासा करतो. ग्रामदानात जमिनीची मालकी गावाच्या नावे होते, परंतु शेतकऱ्याचा कबजा व वहिवाट कायम राहते आणि ती वारसाने पुढे चालते. प्रत्येकाने आपल्या जमिनीचा विसावा हिस्सा भूमिहीनांकरिता द्यावयाचा असतो. जमीन गावाबाहेरच्या माणसास विकता किंवा गहाण टाकता येत नाही. हा मार्ग प्रत्येक गावास पटेल किंवा पचेल, असे आमचे म्हणणे नाही. खुद्द मेंढ्यासही कायद्याच्या पुऱ्या अंमलाकरिता सरकारदरबारी पुष्कळ वर्षे खेटे घालावे लागले. तथापि सावकाराच्या किंवा शहरी खरेदीदाराच्या हाती गेलेली जमीन परत येत नाही, ह्याचा अनुभव ज्या गावांस आहे, त्यांनी ह्या प्रयोगाची टिंगल न करता त्याचा विचार करावा.

वाचकांनी काय करावे

ही हकीकत वाचून ‘ते आदिवासी गाव, आमचे निराळे’ असे म्हणून वाचक स्वस्थ बसतील, तर लेखाचा हेतू फसला. उलट, बिगर-आदिवासी शेतकऱ्यासच गावाच्या इतिहासाची गरज अधिक आहे. वनहक्क कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या कुटुंबाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट दाखविली म्हणजे पुरते. परंतु कुणबी, माळी, ढिवर, कोहळी इत्यादि इतर पारंपरिक वननिवासींस त्या तारखेच्या आधी तीन पिढ्या, दर पिढीस २५ वर्षे धरून ७५ वर्षे, म्हणजे १९३० सालापासून आपण येथे राहतो व जंगलावर अवलंबून आहो, हे सिद्ध करावे लागते. १९३० साली कोण कोठे राहत होता, हे तोंडाने सांगून भागत नाही. येथे आजोबांची आठवण व सरकारी कागद ह्या दोहोंची जोड लागते. नियमांप्रमाणे एकाहून अधिक पुरावे द्यावयाचे असतात, आणि त्यांत गॅझेटियर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे, निस्तार पत्रक, वृद्धांचे लेखी निवेदन, तसेच देवराया, स्मशाने, जुन्या विहिरी ह्या खुणाही चालतात.

सबब प्रत्येक गावाने पुढील कागद जमवून एका पेटीत ठेवावे, अशी आमची सूचना आहे.

पहिले, गावचा नकाशा, बंदोबस्ताची मिसल, वाजिब-उल-अर्ज, निस्तार पत्रक व अधिकार अभिलेख. ह्यांच्या नकला तहसील व भूमी अभिलेख कचेरीत अर्ज केल्यास मिळतात. जुनी अक्षरे वाचणारा माणूस गाठून त्यांचे वाचन सभेत करावे. कपाटात बंद केलेली नक्कल म्हणजे पेरणीविना ठेवलेले बियाणे होय.

दुसरे, जन्ममृत्यूच्या नोंदी. पूर्वी कोतवाल ह्या नोंदी करीत असे. जुने कोतवाल बुक व शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर ह्यांवरून कोणते घराणे केव्हापासून गावात आहे, हे बहुधा निश्चित होते.

तिसरे, दर गणनेची गावनिहाय लोकसंख्या. जिल्हा जनगणना पुस्तिकेत ती असते. मात्र टोला किंवा पोडी मूळ महसुली गावात मिळवून मोजली जाते, म्हणून तिचा आकडा स्वतंत्र सापडत नाही. वनहक्काकरिता टोल्याचीही ग्रामसभा वेगळी भरू शकते. तेव्हा टोल्यातील लोकांनी आपली शिरगणती आपणच करून ठेवावी. घर, माणसे, स्त्री-पुरुष, वय, शिक्षण, जमीन व गुरे इतकी सदरे पुरतात. २०२१ साली व्हावयाची सरकारी गणना त्या साली झाली नाही, आणि २०११ चे आकडे किती काळ ओढावयाचे? शंभर घरांच्या गावाची मोजणी दोन तरुण एका दिवसात करू शकतात.

चौथे, वृद्धांची माहिती. कोणता तलाव कोणी बांधला, कोणत्या पडिकात पूर्वी पीक होते, शीव कोणत्या नाल्याने जाते, रिठावरून कोण उठून आले, कोणत्या साली साथ आली, हे ऐंशीच्या पुढील माणसांस विचारून, दिवस व नाव घालून, साक्षीदारांच्या सह्यांनिशी लिहून घ्यावे. हे काम मात्र पुढच्या वर्षावर टाकू नये. कागदाची दुसरी नक्कल निघते, माणसाची निघत नाही.

पाचवे, ग्रामसभेचे कार्यवृत्त. वनहक्काच्या कामी सभेस निम्मे सभासद हजर पाहिजेत व त्यांत एकतृतीयांश स्त्रिया पाहिजेत, असा नियम आहे. सह्या मागाहून गोळा केलेले कार्यवृत्त पहिल्याच हरकतीस कोसळते, हे लक्षात ठेवावे.

ह्या कामास पैसा फारसा लागत नाही, चिकाटी लागते. नकलेची फी व दोन वह्या एवढाच खर्च. तो जड वाटेल त्या गावाने आपल्या मामा तलावाच्या पाळीवर चढून खाली पाहावे. ज्या कोणी ती पाळ घातली त्याने स्वतःपुरता हिशेब केला असता, तर आज आपल्या बांध्या कोरड्या राहिल्या असत्या.

उपसंहार

मेंढ्याचे लोक थोडे आहेत आणि फार शिकलेले नव्हते. शेती हलकी व पीक एकच. तरीही त्यांनी जे मिळविले ते मोठ्या व सुशिक्षित गावांस मिळविता आले नाही. ह्याचे कारण शोधू जाता दोनच गोष्टी दिसतात. आपण कोण व आपले काय, हे त्यांनी अभ्यासाने जाणून घेतले; आणि जाणून घेतल्यावर सर्वांनी मिळून एक मुखाने मागितले. गणनेच्या पुस्तकात गावाची लोकसंख्या हा एक आकडा असतो. पाचशे माणसे पाचशे वाटांनी गेली तर तो आकडाच राहतो. ती एका ठिकाणी बसली तर त्याचे गाव होते.

आमच्या वाचकांपैकी ज्यांस लिहितावाचता येते त्यांच्यावर ह्या कामाची जबाबदारी विशेष आहे. यंदाची कापणी व मळणी आटोपली म्हणजे शेतकऱ्यास काही दिवस सवड मिळते. त्या सवडीत प्रत्येकाने आपल्या गावाचा असा इतिहास लिहावयास घ्यावा, आणि लिहून झाल्यावर तो ग्रामसभेत सर्वांस वाचून दाखवावा. चुका असतील तर त्या तेथेच सुधारतील, वाद असतील तर ते तेथेच मिटतील, आणि पुढील पिढीस आपल्या शिवेची खूण शोधीत परक्याच्या दारी जाण्याचा प्रसंग येणार नाही.